तुलनेसाठी आलेली बाई

"आनंदा, हे कापसासारखे ठिपके बघितलेस?" डॉक्टर मुलगी पडद्याकडं वाकून हळू आवाजात म्हणाली, आणि मागं स्टुलावर बाई अजून बसलेलीच आहे हे ध्यानात येऊन एकदम गप्प झाली.

स्टुलावरच्या कालिंदीनं ते ऐकलं होतं. थेंबांनी तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, हातातली पिशवीसुद्धा धड दिसत नव्हती. पण पडदा लांब होता, आणि त्याच्यावरचं ते नारिंगी, पिकल्या पपईच्या कापासारखं गोल तिला दिसत होतं. तो तिचा डोळा होता. आतून. मघाशीच फोटो काढणाऱ्या त्या आनंदानं तिला हनुवटी टेकवायला लावली होती, कपाळ पट्टीला घट्ट लावायला सांगितलं होतं, आणि "मावशी, हिरव्या दिव्याकडं बघा, हलू नका हां" म्हणत लख्खकन उजेड मारला होता. त्या उजेडाचा जांभळा डाग अजून जिकडं बघावं तिकडं तिच्यापुढं नाचत होता. नारिंगी गोलावर लाल शिरांच्या फांद्या पसरल्या होत्या, आणि त्या फांद्यांच्या मधेमधे खरंच काहीतरी पांढुरकं, पिंजलेलं चिकटलं होतं. कापूस. हा शब्द कानावर पडून किती वर्षं झाली होती! लालबागच्या त्यांच्या चाळीत एके काळी कापूस घरात यायचा तो माणसाच्या केसांतून, भुवयांतून, कानाच्या पाळीमागून. तिचा नवरा लवू गिरणीतली पाळी संपवून आला की ती त्याला दारातच उभा करायची, पंच्यानं त्याचं डोकं झटकायची, आणि तरी चार तंतू आमटीत सापडायचेच. गिरण्या गेल्या, कापूस गेला. आता तो तिच्या डोळ्यात होता म्हणे.

"मावशी," डॉक्टर सोवनी तिच्याकडं वळली. पुण्याकडची, स्वच्छ बोलणारी पोर. "तुमचं ब्लडप्रेशर शेवटचं कधी तपासलं होतं?"

"माझं? माझं कशाला तपासतील?"

"डोकं वगैरे दुखतं का?"

"दुखतं कधीतरी. सगळ्यांचंच दुखतं."

"आणि..." पोरीनं पेन बोटांत फिरवलं. "तुमची ती रक्ततपासणी शेवटची कधी झाली?"

'ती' म्हणजे कुठली हे सांगायची गरज नव्हती. परळच्या या इस्पितळात ते दोघं इतकी वर्षं येत होते की इथं 'तो आजार', 'त्या गोळ्या', 'ती तपासणी' एवढ्यावर सगळं भागायचं.

"दोन वर्षांपूर्वी. काही नव्हतं."

"बरं. तुलनेसाठी येणाऱ्यांची ती आज करायचीच असते, शेवटी करतो आपण. तुमची आत्ताच करू. तुमची परवानगी असेल तर."

"त्या ठिपक्यांमुळं?"

"बारीक रक्तवाहिनीतून रक्त पोचलं नाही की तेवढ्या जागेला सूज येते, ती तशी दिसते. दोन-तीन कारणांनी होतं. प्रेशर असेल, साखर असेल..."

"आणि आमच्या यांच्या आजारानं?"

डॉक्टर थांबली. तेवढं थांबणं पुरे होतं. "त्यानंही होतं," ती म्हणाली. "पण आत्ताच काही धरून बसू नका. प्रेशरचं मशीन वरच्या वॉर्डात गेलंय, आणायला सांगते. तोवर आनंदा रक्त घेईल."

हे सगळं सुरू झालं ते अगदी साध्या गोष्टीवरून. महिन्याच्या गोळ्या न्यायला आले असताना डॉक्टर सोवनीनं लवूला विचारलं होतं, काका, डोळ्यांच्या एका अभ्यासात याल का? तिनं समजावलंही होतं. गोळ्या आल्यापासून या आजाराची माणसं मरत नाहीत, म्हातारी होतात; पण आजारानं, गोळ्यांनी त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचं काय होतं, पुढं हृदयाचं, मेंदूचं काय होईल, ते बघायचं आहे. आणि अख्ख्या अंगात डोळ्याचा मागचा पडदा ही एकच जागा अशी, जिथं या वाहिन्या काही न कापता उघड्या दिसतात. नुसता फोटो काढायचा. लवू हो म्हणाला. मग डॉक्टरनं कालिंदीकडं बघितलं आणि म्हणाली, आम्हांला त्याच वस्तीतली, त्याच वयाची, आजार नसलेली माणसंही लागतात. तुलनेसाठी. तुम्ही याल? कालिंदीला तेव्हा हसूच आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला ती धडधाकट आहे म्हणून बोलावत होतं. थेंब घातल्यावर घरी न्यायला सोबत कुणीतरी आणा, असं दोघांनाही बजावलं होतं. दोघांनीही सोबत म्हणून एकमेकाला आणलं होतं.

हातातून रक्त काढून झाल्यावर ती भिंतीला हात लावत बाहेर आली. बाकावर लवू डोळे मिटून बसला होता. साठीचा बारकेला माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट. इस्पितळात यायचं असलं की ती त्याला इस्त्रीचाच शर्ट घालायला लावायची. इथल्या लोकांनी त्याच्याकडं बघून नाक मुरडायला नको.

"काय गो, झाला?" पावलांवरून ओळखून तो म्हणाला.

"झाला."

"माजो फोटो बरो इलो म्हणता तो आनंदा. एक नंबर, म्हणता. तुजो?"

"रगात घेतल्यानी माजा."

"कित्याक?"

"सगळ्यांचाच घेतत."

ती त्याच्या शेजारी बसली, पण मधे पिशवी ठेवून. खिडकीतून चैत्रातलं ऊन आत येत होतं आणि मोठ्या झालेल्या बाहुल्यांना ते सुयांसारखं टोचत होतं. तिनं पदर डोळ्यांवर ओढला. पदराच्या आत अंधार होता. मानेमागं, जिथं नेहमी ठणका लागायचा तिथं, आता कुणीतरी मुठीनं दाबल्यासारखं होत होतं. असूच शकत नाही, ती मनाशी म्हणाली. आणि लगेच तिला मागच्या गणपतीतली दुपार आठवली.

विसर्जनाचा दिवस. लालबागच्या रस्त्यावर माणसांचा समुद्र. चाळीतली झाडून सगळी माणसं खाली, लेकीच्या सासरची मंडळी आली होती तीही खाली. ढोलांनी भिंती थरथरत होत्या, मांडणीवरची भांडी वाजत होती. लवूला गर्दीत जायचं नव्हतं म्हणून तो घरात, आणि कालिंदी डोकं दुखतं म्हणून घरात. इतक्या वर्षांनी. त्याचा आजार कळला त्या दिवशी तिनं आपली वळकटी उचलून मोरीच्या बाजूला टाकली होती, ती तिथंच होती. त्या दुपारी तो खिडकीशी उभा राहून खाली बघत होता आणि त्याची पाठ तशीच दिसली, लग्नानंतर दिसायची तशी. किंचित उजवीकडं झुकलेली, मागावर उभं राहून राहून झालेली. दाराला कडी तिनं घातली होती. त्यानं नव्हे. हे ती स्वतःपासून लपवू शकत नव्हती. तो तर घाबरून म्हणाला होता, "नको गो, घरात निरोध नाय हा आता, ह्यो धोको..." आणि तिनंच त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. कशासाठी? प्रेम म्हणावं तर इतकी वर्षं ते कुठं होतं? दया म्हणावी तर दया अशी अंगातून उसळून येते का? ढोल वाजत होते, एवढंच तिला नंतर आठवायचं. संध्याकाळी लेकीनं वर येऊन विचारलं, आई, बरं वाटतंय का आता, आणि तिनं मान हलवली होती. दोघांनी पुन्हा त्याचा विषय काढला नाही. वळकटी मोरीच्या बाजूलाच राहिली.

आता ती कडी तिला आठवत होती. कडीचा थंडपणा बोटांना आठवत होता. समुपदेशनाच्या खोलीतल्या शांताबाई इतक्या वर्षांत कितीदा म्हणाल्या असतील, औषधं चालू असली तरी काळजी घ्यायचीच. नव्या बायका रडत आल्या की शांताबाई तिला बोलावून घ्यायच्या. या कालिंदीताई, बघा, यांनी नवऱ्याला कसं सांभाळलंय, एक गोळी चुकू दिली नाही. त्या बायका तिच्याकडं देवळातल्या मूर्तीकडं बघावं तशा बघायच्या. आता शांताबाई विचारतील, कसं झालं? कधी? आणि ती काय सांगणार? गणपतीत? माझ्या मर्जीनं? लोक लवूला काही म्हणणार नाहीत, तो तर आधीच होता. हसतील ते तिला. पन्नाशी उलटल्यावर, सगळं माहीत असताना.

"पाणी व्हया?" लवूनं विचारलं.

"नको."

"तुजो श्वास मोठो येता."

"उकडता."

तिनं कधी विचारलं नव्हतं त्याला, कुठून आणलंस. संप लागला तेव्हा ती चाळीतल्या त्या खोलीत खाणावळ चालवत होती. मालवण-देवगडकडचे बिऱ्हाड नसलेले गिरणीकामगार तिच्याकडं दोन वेळ जेवायचे. पहाटेपासून चूल, माशांचा वास, पंगतीतले पोरांचे विनोद. जानेवारीत गिरणीचा भोंगा वाजायचा थांबला. आधी सगळ्यांना सुट्टीसारखं वाटलं. मग एकेक करून जेवणारे गावाला गेले, "वैनी, परत इलंय की येतंय जेवूक" म्हणत. त्यांची ताटं ती कित्येक दिवस घासून भिंतीला उभी करून ठेवायची. लवू मोर्च्याला जायचा, यायचा, घसा बसलेला असायचा. मग मोर्चेही थांबले. गिरणीचं फाटक उघडलं तेव्हा त्याला आत घेतलं नाही. त्यानं शिवडीला गोदामात ओझी उचलली, आणि मग ट्रकवर गेला, क्लीनर म्हणून आधी, नंतर ड्रायव्हर. पंधरा-पंधरा दिवस बाहेर. परत यायचा तेव्हा डिझेलचा वास, तांबारलेले डोळे, आणि तिच्यासाठी सुरतेची एखादी साडी. ती साडी नेसायची. साडी कुठली हे तिनं विचारलं होतं, बाकी कुठं कुठं थांबलास हे विचारलं नव्हतं. ज्या माणसाच्या हातातला माग काढून घेतलाय त्याला काय विचारायचं, असं तेव्हा वाटायचं. पुढं त्याला ताप यायला लागला, अंग झडलं, टीबी म्हणून औषधं झाली, आणि मग एका दुपारी याच इस्पितळात, याच आवारात, एका डॉक्टरनं दोघांना खुर्च्यांवर बसवून सांगितलं. लवू जमिनीकडं बघत होता. ती त्याच्या कानामागं बघत होती. तेव्हाही तिच्या मनात आलं ते इतकंच, की आता ह्याला काही विचारता येणार नाही. आजारी माणसाला कसं विचारणार?

ती तपासणीत सुटली. तेव्हा, आणि नंतर प्रत्येक वेळी. मग घरात दुखणं एकच उरलं आणि ते त्याचं होतं. त्याचं जेवण, त्याच्या गोळ्या, त्याची झोप, त्याचं वजन. चाळीत सांगायला त्याचा टीबी. लेकीला शाळेत असताना काही कळू दिलं नाही, लग्नाच्या आधी एकदा सांगितलं, तेही अर्धंच. त्याच्याजवळ कुणी शिंकलेलं चालायचं नाही तिला. लोक म्हणत, काय बायको आहे. आणि तिच्या पोटात कुठंतरी खोल एक निखारा होता, राखेखाली, त्याच्यावर ती हे सगळं रांधत होती. मी तुझ्यासारखी नाही, हे त्या निखाऱ्याचं नाव. मी स्वच्छ आहे. मी तुला सांभाळते आणि मी स्वच्छ आहे.

आता जर आतल्या खोलीतून कुणी येऊन सांगितलं की आहे, तर त्या निखाऱ्याचं काय? मग रागवायचं कुणावर? आणि या भीतीच्या मागून, चोरपावलांनी, आणखी एक गोष्ट आली जिचं तिला जास्त भय वाटलं: की तसं झालं तर बरंच होईल. सुटेन. मग मोरीच्या बाजूला झोपायचं कारण नाही. मग कुणी मला मूर्तीसारखं बघणार नाही. तिनं पदराच्या आत जोरात डोकं हलवलं आणि ठणका मानेतून कपाळापर्यंत सरकला.

"गो, काय झाला? खरा सांग." लवूनं मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली होती. तिनं पदर सारला; त्याच्या धुरकट चेहऱ्यात मोठ्या झालेल्या बाहुल्यांचे नुसते दोन काळेभोर डाग होते. त्यालाही तिचा चेहरा धड दिसत नसणार. "तू कदी इस्पितळात अशी गप बसत नाय. तू सगळ्यांवर वराडतस."

"माज्या डोळ्यात कापूस हा म्हणता."

"काय?"

"कापूस. तुमच्या आजाराचो आसता तसो."

तिला त्याचा चेहरा वाचता येत नव्हता पण त्याच्या मांडीवरची पिशवी कुरकुरली, त्यानं ती दोन्ही हातांनी आवळली होती. मग तो फक्त म्हणाला, "गणपतीत?" आणि तो एक शब्द इतक्या हळू होता की त्यात काय होतं, भीती की आणखी काही, तिला कळेना.

प्रेशरचं मशीन घेऊन एक सिस्टर आली. पट्टा आवळला, हवा भरली, कानाला नळी लावली. सिस्टरनं भुवया वर केल्या, हवा सोडली, पुन्हा भरली. मग दुसऱ्या दंडाला. मग ती काही न बोलता आत गेली आणि डॉक्टर सोवनी जवळजवळ पळतच बाहेर आली.

"मावशी, तुमचं प्रेशर दोनशे दहा बाय एकशेवीस आहे. हे खूप आहे. फार. तुम्ही आत्ता चालायचं नाही, मी व्हीलचेअर मागवते. समोरच्या इमारतीत वॉर्डात घेऊन जातील, आज ॲडमिट व्हायचं."

"कोण?"

"तुम्ही."

"माझं काय? मी तर तुलनेसाठी आले."

"हो, पण..." पोरीला हसावं की रडावं कळेना. "अहो, तुमच्या डोळ्यात ठिपक्यांबरोबर रक्ताचे बारीक फटकारेही आहेत. धमन्या तारेसारख्या बारीक झाल्यात. हे एका दिवसाचं नाही, कितीतरी वर्षांचं आहे. असंच राहिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आज होऊ शकतो."

व्हीलचेअर आली. वॉर्डबॉयनं चाकं अडवून धरली. कालिंदी बाकाच्या कडेला दोन्ही हात धरून बसली.

"आधी मला ते सांगा. दुसरं. मग न्या कुठं न्यायचं ते."

"ते कळेल मावशी, वॉर्डात येऊन सांगते मी. आत्ता एकेक मिनिट..."

"नाही. मी उठणार नाही."

"मावशी, ऐका!"

"मी उठणार नाही म्हणते ना!" तिचा आवाज वाढला तसे बाकांवरचे लोक बघायला लागले. खिडकीतल्या उन्हात तिला ते नुसते डाग दिसत होते, रंगीत, हलणारे. डोक्यात घण पडत होते. मेंदूत रक्तस्राव म्हणजे काय ते तिला माहीत होतं, खालच्या मजल्यावरच्या राधाबाई बोलता बोलता वाकड्या झाल्या होत्या. तरी ती उठली नसती. काय होऊन आपण जाणार आहोत हे कळल्याशिवाय कुठं जायचं? लवूनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, "चल गो, बायो, तिचा ऐक," आणि तिनं तो झटकला, सगळ्यांसमोर. इतक्या वर्षांत इस्पितळात तिनं त्याला असं कधी केलं नव्हतं.

डॉक्टर सोवनी क्षणभर उभी राहिली, मग मागं वळून आत गेली. ती आली तेव्हा आनंदा तिच्या मागं होता. ती कालिंदीच्या पुढ्यात खाली बसली, अगदी जमिनीवर उकिडवी, म्हणजे तिचा चेहरा कालिंदीच्या गुडघ्यांपाशी आला, आणि कुजबुजली, "नाही. काही नाही. ती तपासणी स्वच्छ आहे. हे सगळं प्रेशरचं आहे, नुसतं प्रेशरचं. आता तरी बसाल?"

कालिंदीला वाटलं होतं, हे ऐकलं की अंगातून काहीतरी सुटेल. काहीच सुटलं नाही. उलट कुणीतरी दारातून परत पाठवावं तसं झालं. ती उठून मुकाट्यानं खुर्चीत बसली. आणि डॉक्टर पोर, भीती सरल्यावर माणसं बडबडतात तशी, चालता चालता बोलत राहिली. "खरं सांगू काका, तुम्हां दोघांचे फोटो शेजारी ठेवले ना, तर कुणीही म्हणेल आजार मावशींना आहे. तुमच्या रक्तवाहिन्या सुंदर आहेत. साठीच्या माणसाच्या वाटत नाहीत. इतकी वर्षं हा आजार असून! कमाल आहे."

"मी राखल्या त्या," कालिंदी म्हणाली.

ती ओरडली नाही. चाकांच्या आवाजात ते विरून गेलं असतं. पण डॉक्टर गप्प झाली, आणि खुर्चीच्या बाजूनं अंदाजानं चालणारा लवू थांबला. तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी त्याच्याकडं तोंड करून, जिथं त्याचा इस्त्रीचा पांढरा शर्ट धुरकट दिसत होता तिथं. "तुमच्यो शिरा मी राखलंय. माज्यो कोणी राखल्यान?"

आवारातलं ऊन लख्ख पांढरं होतं. त्या दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नव्हता. लवूनं खुर्चीचा दांडा धरला आणि वॉर्डबॉयला म्हणाला, "मी ढकलतंय." वॉर्डबॉय म्हणाला, "काका, तुम्हांला दिसत नाही." तेव्हा त्यानं नुसता हात ठेवला, आणि तसाच चालत राहिला.

वॉर्डात गेल्यावर शिरेतून औषध सुरू झालं. संध्याकाळपर्यंत डोक्यातले घण लांब गेले, कुणीतरी दुसऱ्या गल्लीत ठोकत असल्यासारखे. दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरनं लवूला विचारलं, यांचं डोकं कधीपासून दुखतं? झोप कशी आहे? आईला प्रेशर होतं का? दम लागतो का? लवू प्रत्येक प्रश्नाला "म्हणजे..." म्हणायचा आणि थांबायचा. कालिंदी डोळे मिटून ऐकत होती. तिला त्याच्या वतीनं उत्तर द्यायची इतकी सवय होती की जीभ आपोआप हलत होती. तिनं ती दातांत धरली. शेवटी तो म्हणाला, "साहेब, माका म्हायत नाय. तिनं सांगितल्यान नाय, मी विचारलंय नाय." आणि डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नीट दिसायला लागलं होतं. भिंतीवरचं घड्याळ, समोरच्या खाटेवरच्या बाईच्या हातातला हिरवा चुडा, दाराशी पास दाखवून आत येणारा लवू. त्यानं दाढी केली नव्हती. हातात पेजेचा डबा. "मीठ घालूक नाय," डबा ठेवता ठेवता तो म्हणाला. "सिस्टर म्हणाली, मीठ विष तुका." पेज करपली होती आणि पाणचट होती. ती जेवत होती तेव्हा तो स्टुलावर बसून तिच्याकडं बघत होता, आणि तिला त्या बघण्याची सवय नव्हती, म्हणून ती घड्याळाकडं बघत होती. नऊ वाजत आले होते. त्याच्या गोळीची वेळ. इतक्या वर्षांत ही वेळ एकदाही तिच्या तोंडाशिवाय गेली नव्हती. शब्द ओठांवर आले: गोळी घेतलात? ती थांबली. काटा नऊवर आला आणि पुढं सरकला. तो बसूनच होता, डब्याच्या झाकणाशी चाळा करत. तिच्या हातातला चमचा थांबला. विसरला हा, तिच्या मनात आलं. मी इथं पडले आणि पहिल्याच दिवशी विसरला. राग आला, आणि रागाच्या खाली भीती. एक गोळी चुकली तर काय होतं ते तिला पाठ होतं. तिनं चमचा डब्यात ठेवला, दोन्ही हात चादरीखाली घेतले आणि ओठ घट्ट मिटले. समोरची बाई काहीतरी विचारत होती, कुठल्या गावच्या तुम्ही, आणि ती उत्तर देत नव्हती. जन्मात तिनं पुष्कळ अवघड गोष्टी केल्या होत्या. न बोलणं ही त्यातली सगळ्यांत अवघड होती.

मग लवूनं खिशात हात घातला. कागदाच्या पुडीतून गोळी काढली, तिच्या खाटेजवळच्या टेबलावरचा पेला उचलला, तिचंच पाणी प्याला. तोंड पुसलं. ज्या गोष्टीची ती वाट बघत होती ती इतकी सहज झाली, जणू तो रोज आपणहूनच घेत होता.

"तुजी कदी?" त्यानं विचारलं.

"काय माजी?"

"गोळी. शिरेतला बंद करून आता गोळी देतले ना तुका? कदी घेवची? जेवच्याआदी की मागसून?"

"माका काय म्हायत."

"थांब, इचारून येतंय."

तो उठला. सिस्टरच्या टेबलापाशी गेला. तिथं गर्दी होती, कुणीतरी त्याला हातानं मागं सारलं, तरी तो उभाच राहिला, थोडा उजवीकडं झुकून. कालिंदीला वाटलं, हाक मारावी, राहू दे म्हणावं, सिस्टर ओरडेल. तिनं हाक मारली नाही. सिस्टरनं त्याला काहीतरी सांगितलं, त्याला कळलं नाही, पुन्हा सांगितलं, गोळीचं पाकीट दाखवलं. तो डोळे बारीक करून पाकिटावरची अक्षरं बघत होता.

तो परत आला तो ओठ हलवतच, ऐकलेलं वाटेत सांडू नये म्हणून. स्टुलावर बसला. "सकाळची एक," तो म्हणाला. "खाऊन झाल्यावर. नाव काय तिचा... ॲम... ॲमलो..." तो अडकला. त्यानं कपाळ चोळलं. त्याच्या गोळ्यांची इंग्रजी नावं तिनं पहिल्याच महिन्यात तोंडपाठ केली होती. हे नावही सकाळी सिस्टर बोलली तेव्हा एकदा ऐकूनच तिच्या ध्यानात राहिलं होतं. सांगितलं असतं तर झालं असतं.

"ॲमलो... डी... थांब हां. थांब, सांगू नको."

ती उशीला टेकून बसली आणि थांबली.